टाकीची ओटी

आमच्या कारखान्यात दर तासाला टाकीची ओटी होते.

नवीन माणूस हे वाक्य ऐकून हसतो. ओटी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू येतं. आमची ओटी म्हणजे एक तपासणी. ऑर्थोटोलिडीन नावाचं द्रावण असतं, त्याच्या इंग्रजी नावातली अक्षरं ओ आणि टी. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते यावरून कळतं. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. किती पिवळं झालं ते सोबतच्या कार्डावरच्या रंगांच्या खान्यांशी ताडून पाहायचं आणि नोंदवहीत लिहायचं. गावोगावी ग्रामपंचायतीचा पाणीवाला हीच तपासणी करतो आणि तिला ओटीच म्हणतो.

मी आधी अकरा वर्षं पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत होतो. जाम गावाजवळच्या या कोंबडीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून आलो, त्याला चौदा वर्षं झाली. येताना ओटी सोबत घेऊन आलो. शेठजी, म्हणजे आमचे मालक, म्हणाले होते की हल्ली कागदी पट्ट्या मिळतात, त्या घ्या. मी म्हटलं, पट्टी फसवू शकते, थेंब फसवत नाही. माझं हे वाक्य कारखान्यात बरीच वर्षं चाललं. आता चालत नाही. का चालत नाही, तेच सांगायचं आहे.

त्याआधी आमचं काम काय असतं ते सांगतो. शेतकऱ्याच्या शेडातून चाळीस-बेचाळीस दिवसांचे पक्षी गाडीतून येतात. रोजचे सरासरी तीन हजार. पक्षी कापला की गरम पाण्यातून जातो, पिसं निघतात, आतडी काढली जातात, आत-बाहेर धुतला जातो आणि मग बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत उतरतो. तिथे पाऊण तासात त्याचं अंग चार अंशांपर्यंत थंड व्हायला हवं. मग पॅकिंग.

जंतू येतात ते आतड्यांतून. साल्मोनेला हा त्यांतला सगळ्यांत बदनाम. गंमत अशी की कोंबडीला तो सहसा काहीच करत नाही. ती खाते, पिते, वजन धरते. त्रास होतो तो खाणाऱ्याला. एखाद्या पक्ष्याचं आतडं कापताना फुटलं की जंतू त्याच्या अंगावर येतात आणि त्याच्यासोबत टाकीत उतरतात. टाकी म्हणजे तीन हजार जणांची एकाच पाण्यातली आंघोळ. एकाचं दुखणं सगळ्यांना लागू नये म्हणून त्या पाण्यात क्लोरीन. रक्त आणि चरबी ते क्लोरीन खात जातात, म्हणून ते सारखं पुरवायचं आणि सारखं मोजायचं.

आता यातली खरी अडचण. साल्मोनेला आहे की नाही हे पाहायचं तर नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि उत्तर यायला पाच दिवस लागतात. म्हणजे आजचा माल चांगला होता का, हे मला पाच दिवसांनी कळतं. तोवर तो लोकांच्या पोटात गेलेला असतो. त्याच तासाला हातात येणारे आकडे दोनच. टाकीचं तापमान आणि ओटी. म्हणून मी ओटीला इतका धरून होतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी सात वाजताची ओटी फिकी आली. कार्डावर तिसऱ्या खान्याचा पिवळा हवा, आला पहिल्याहून फिका. मी लाईन थांबवली. टाकी रिकामी केली, पुन्हा भरली, क्लोरीनची दीड पट मात्रा घातली, मग रंग आला. यात दोन तास गेले. आमच्याकडे लाईनवर सव्वीस बाया आहेत, आजूबाजूच्या गावांतल्या. पहाटे पाचला येतात, एकला सुटतात. त्या दिवशी तीनला सुटल्या. त्यांची ठरलेली ऑटो निघून गेली होती. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत चार किलोमीटर चालत गेल्या.

त्या निघताना मी दारात उभं राहून सगळ्यांना सुनावलं. वाक्य मला शब्दशः आठवतं. "ओटी पिवळी आली पाहिजे. पिवळी आली तर पाणी चांगलं, पाणी चांगलं तर माल चांगला, माल चांगला तर तुम्ही-आम्ही राहू."

दुसऱ्या दिवशी ओटी पिवळी आली. तिसऱ्या खान्याची, बरोब्बर. त्यानंतर रोजच येत गेली. मात्रा पुन्हा नेहमीसारखी केली, तरी पिवळीच. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, बाया मात्रा नीट मोजून घालायला लागल्या. परिणाम झाला होता हे खरं आहे.

या दिवसांत तीन गोष्टी माझ्यासमोर आल्या. तिन्ही मी पाहिल्या आणि तिन्हींचा चुकीचा अर्थ लावला.

पहिली, टाकीवरची कमलाबाई. वय पन्नाशीच्या पुढे, कारखान्यात माझ्याही आधीपासूनची. ती एकदा म्हणाली, "साहेब, आताशा डोये झोंबत नाई हो. बरं वाटून राह्यलं." क्लोरीनच्या वासानं टाकीवरच्या बायांचे डोळे झोंबतात, त्याची तक्रार दर उन्हाळ्यात असायची. मी नुकताच तिथे नवा पंखा बसवून घेतला होता. श्रेय मी पंख्याला दिलं.

दुसरी, जामच्या चौकातला ढाबेवाला. वर्षानुवर्षं आमचा माल घेतो आणि वर्षानुवर्षं त्यात खोट काढतो. तो म्हणाला, "काऊन बा साहेब, तुमची कोंबडी आजकाल गावरानीवानी पिवयी दिसून राह्यली? गिऱ्हाईक खूश हाये. म्या बोर्डावर 'गावरान' लिवून टाकू का?" मी म्हटलं, लिहाल तर मीच तुमची तक्रार करीन. आणि मनात म्हटलं, खाद्यात मका जास्त पडला असेल. मक्यानं कातडी पिवळी होते, हे खरंच आहे. चुकीच्या ठिकाणी लावलेलं खरं ज्ञान फार घातक असतं.

तिसरी गोष्ट माझ्याच टेबलावरची. एकूण जंतूंची मोजणी आम्ही कारखान्यातच करतो, काचेच्या ताटल्यांवर. ती त्या दिवसांत हळूहळू वर चढत होती. मर्यादेच्या आत होती, पण चढत होती. मी शेरा लिहिला, 'उन्हाळा'.

मग नागपूरकडच्या एका मोठ्या खानावळवाल्याचा अहवाल आला. तो वसतिगृहांना जेवण पुरवतो आणि मालाचा नमुना स्वतः तपासून घेतो. त्याच्या नमुन्यात साल्मोनेला सापडला. त्यानं माल थांबवला.

शेठजींनी विचारलं, "उमाटेजी, पानी ठीक था ना?"

मी नोंदवही उघडून दाखवली. ओळीनं तिसरा खाना. "पाणी ठीक होतं. जंतू शेडातून आला."

गाडीच्या क्रमांकावरून माल कोणाचा ते काढलं. हिंगणीचे गुलाबराव. साडेतीन हजार पक्ष्यांचं एक शेड, नवरा-बायको दोघंच पाहतात. मी सकाळी फोन केला आणि त्याच दिवशी गेलो. शेडाच्या दारात औषधी पाण्याचा ट्रे असतो, आत जाणाऱ्यानं त्यात बूट बुडवून जायचं. ट्रे भरलेला होता आणि पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. मला तिथेच कळलं. रोज बूट बुडवले जातात तो ट्रे स्वच्छ राहत नाही. मी बाजूला उभा राहिलो. गुलाबराव बोलता बोलता आत गेले ते ट्रेवरून टांग टाकूनच.

"गुलाबराव, हे काय?"

ते थबकले. मागे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं. "सवय झाली साहेब. नेहमी पानी खराब होते म्हनून... तुमी येता म्हनून सकायीच भरला होता."

मी ते लिहून घेतलं. शेडातून नमुने घेतले आणि सांगितलं की अहवाल येईपर्यंत तुमचे पक्षी उचलले जाणार नाहीत. पाच दिवस.

पाच दिवस म्हणजे काय, ते कोंबडीवाल्यालाच कळतं. एक गाडी आम्ही लवकर उचलली होती; शेडात उरलेले पक्षी एकेचाळीस दिवसांचे झाले होते, उचलायला तयार. या वयाच्या जड पक्ष्याला ऊन सोसत नाही. पंखे, गोणपाटं, पाण्याचा फवारा असं सगळं असूनही तो धापा टाकत खाली बसतो आणि उठत नाही. पारा सेहेचाळीसवर होता. रोज सकाळी नऊच्या सुमारास गुलाबरावांचा फोन यायचा. ते आकडाच सांगायचे.

"साहेब, काल एकोणीस गेले."

दुसऱ्या दिवशी, "चौतीस."

मी म्हणायचो, अहवाल येऊ द्या. मेलेले पक्षी चुना टाकून पुरा. ते म्हणायचे, "ते पुरतोच साहेब. जित्यांचं सांगा."

तिसरा दिवस. नऊची ओटी घ्यायला मी टाकीवर गेलो, नळी भरली आणि टेबलावर आणून ठेवली. द्रावणाची जुनी बाटली आठ वाजता संपली होती, म्हणून कपाटातून नवी काढली. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, एक्कावन." मग आवाज बदलला. "साहेब, मायी बायको शेडात जाऊन बसली हाये. पक्ष्यायले हातानं वारा घालून राह्यली. तिले म्या काय सांगू? पक्षी उचलता का नाई, एवढं सांगा."

मी काहीतरी सांगितलं. काय ते आठवत नाही. फोन ठेवला, नळीकडे पाहिलं, कार्ड लावलं. पिवळी, तिसरा खाना. नोंदवहीत लिहिलं, 'नऊ वाजता, तीन'. सही केली. बाटली कपाटात ठेवायला उचलली आणि हात थांबला.

बाटलीचं सील फोडलेलंच नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो. नळीत थेंब पडलाच नव्हता, तरी नळी पिवळी होती. सील फोडलं, पाच थेंब टाकले. रंगात काडीचा फरक पडला नाही. म्हणजे पाण्यात क्लोरीन नव्हतंच. होता तो नुसता पिवळा रंग.

प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की रंगाची तपासणी करताना एक कोरी नळी शेजारी ठेवा, औषध न घातलेली. मूळ पाण्यालाच रंग असेल तर ती सांगते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं कोरी नळी ठेवली. इथे आल्यावर काही महिने ठेवली. ती नेहमीच कोरी निघायची म्हणून सोडून दिली. वेळ वाचवला. एका नळीमागे अर्धा मिनिट.

मी टाकीवर गेलो आणि खांबाच्या बाजूला उभा राहिलो. पाच-सात मिनिटांनी कमलाबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडवला. त्यात फडक्याची छोटी पुरचुंडी होती. ती पाण्यात बुडवून तिनं दोनदा पिळली आणि पुन्हा पदरात बांधली.

"कमलाबाई, काय आहे ते?"

ती दचकली नाही. पुरचुंडी तिनं सरळ माझ्या हातावर ठेवली. माझा तळवा पिवळा झाला.

"हयद हाये साहेब. घरचीच, शेलूच्या बाजाराची. कुटून आनली. भेसय नाई."

"पाण्यात हळद का टाकता?"

आता ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जशी आपण वेड्याकडे पाहतो. "तुमीच तं सांगतलं. ओटी पिवयी आली पाह्यजे. त्या दिवशी फिकी आली, तुमी लाईन बंद केली, आमी उन्हातान्हात पायी गेलो. मायासंगची सुमन रस्त्यात चक्कर येऊन पडली, हे तुमाले मालूम तरी हाये का? म्हटलं, ओटीले हयद पाह्यजे तं हयद घेऊ. घरी कोंबडं आनलं तं आमी हयदच लावतो. हयदीनं जंतू मरते. तुमच्या घरी नाई लावत?"

लावतात. दर रविवारी पिपरी मेघेच्या माझ्या घरात माझी बायको सुनंदा चिकनला हळद-मीठ चोळते, आणि मी चौदा वर्षांत तिला कधी अडवलेलं नाही.

"पण कमलाबाई, ती ओटी वेगळी. ते औषधाचं नाव आहे."

"मंग तसं सांगाचं ना." तिनं पदर परत खोचला. "आमाले काय सांगता, पिवयी आली पाह्यजे. कोनती पिवयी, ते सांगत नाई. अन साहेब, राग नका मानू. म्या तुमाले सांगतलं होतं, डोये झोंबत नाई म्हनून. तुमी शिशी पाहता. पानी पाहत नाई."

मी पुरचुंडी घेऊन तिथून निघालो.

हळदीचा गुन्हा एवढाच की तिनं फिकेपणा झाकला. मूळ फिकेपणा आला कुठून? मी क्लोरीनचे कॅन पाहायला गेलो. हे द्रावण थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचं असतं. उन्हात त्याचा जोर आपोआप उतरतो, कॅनचं बूचही न उघडता. एप्रिलमध्ये खोक्यांसाठी खोली हवी म्हणून चौदा कॅन मागच्या टिनाच्या शेडखाली हलवले होते. हलवण्याच्या कागदावर सही होती. माझी. टिनाखाली हात ठेवून पाहिला, कॅन चहाच्या कपासारखे गरम होते. जोर तपासला. निम्म्याहून कितीतरी कमी. आमच्या बाया गेले तीन आठवडे जवळजवळ साधं पाणीच मोजून मोजून टाकत होत्या.

टेबलावर येऊन मी नोंदवही मोजली. तेवीस दिवस, रोज आठ नोंदी, एकशे चौऱ्याऐंशी आकडे. प्रत्येकाखाली माझी सही. सगळे हळदीचे.

त्या तेवीस दिवसांत आमच्या मालानं कोणी आजारी पडलं का, मला माहीत नाही. पोट बिघडलेला माणूस कारखान्याला पत्र लिहीत नाही. तो ओआरएस पितो आणि आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला दोष देतो. चिकन नीट शिजवलं की हे जंतू मरतात आणि आपल्याकडे रस्सा चांगला खळखळून शिजतो, यावरच माझी भिस्त आहे. ती भिस्त आहे, आकडा नाही.

मी लाल पेनानं सगळ्या नोंदींवर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'वाचन रद्द, कोरी नळी घेतली नाही', आणि पुन्हा सही केली. मग वही घेऊन शेठजींकडे गेलो.

शेठजींचं घराणं तीन पिढ्यांचं धान्यव्यापारी. ते ओरडत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, वहीतल्या लाल रेघा पाहिल्या आणि दार लोटून घेतलं.

"उमाटेजी, ये बात किसको मालूम है?"

"मला, कमलाबाईला. आता तुम्हाला."

"तर तिघांतच राहू द्या. क्लोरीन बदला, बाईला कामावरून कमी करा, प्रकरण खतम. खानावळवाल्या पार्टीला आपण हिंगणीचं शेड आधीच सांगितलं आहे. वो भी तो झूठ नहीं है. त्याचा ट्रे तुम्ही स्वतः पाहिला."

इथे मी खोटं सांगणार नाही. दोन मिनिटं मला ते पटलं. ट्रेची गोष्ट खरी होती. जंतू गुलाबरावांच्या शेडातून आलाही असेल, थोडाफार तो कुठल्याही शेडातून येतोच. तो येणार म्हणून तर आमची टाकी असते. त्याला थांबवणं हे आमचं काम होतं आणि तेवीस दिवस आम्ही ते केलं नव्हतं.

मी म्हटलं, "शेठजी, बाईला काढायचं तर आधी मला काढा. कॅनच्या कागदावर तिची सही नाही. आणि गुलाबरावांचे तीन दिवसांत एकशे चार पक्षी गेले. ते माझ्या आकड्यानं मारले."

ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग त्यांच्यातला व्यापारी बोलला. "पार्टीला बाहेरून कळलं तर कायमची जाईल. आपण सांगितलं तर कदाचित महिनाभर जाईल." पेपरवेट थांबला. "फोन लावा. तुम्हीच बोला. मेरे से नहीं होगा."

मी बोललो. खानावळवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हळद? हळद म्हणजे हळदच ना?" मी म्हटलं, हळदच. मग म्हणाला, तीन नमुने लागोपाठ स्वच्छ आले तर बोलू. थंड खोलीतला शिल्लक माल आम्ही बाहेर जाऊ दिला नाही. ढाबेवाल्यालाही कळवलं. तो म्हणाला, "म्हंजे ते गावरान नव्हती तं?"

राहिले गुलाबराव. शेडाचा अहवाल यायला अजून दोन दिवस होते. पण संशयातले पक्षी घ्यायची एक रीत आहे. त्यांची गाडी दिवसात सगळ्यांत शेवटी घ्यायची, त्यांच्यामागे कोणाचाच माल लाईनवर चढवायचा नाही, आणि मग सगळी लाईन उतरवून धुवायची. ही रीत मला पहिल्या दिवशीही माहीत होती. तेव्हा माझा माझ्या नोंदवहीवर इतका विश्वास होता की ती वापरावी असं वाटलंच नाही.

मी स्वतः गाडीसोबत हिंगणीला गेलो. गुलाबराव शेडाच्या दारात उभे होते. मी सगळं सांगितलं. कॅन, हळद, कोरी नळी. ते ऐकत होते. त्यांची बायको आतून बाहेर आली. हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, वारा घालायचा.

गुलाबराव म्हणाले, "म्हंजे तुमची शिशी खोटी होती, अन चोर मी?"

"हो."

"मायाकडं बोट दाखवून लिवून घेतलं तुमी. ट्रेचं."

"ट्रेचं खरं होतं, गुलाबराव."

हे बोलायला नको होतं असं तोंडातून निघताच वाटलं. पण त्यांच्या बायकोनं माझ्याआधी तोंड उघडलं. "खरंच हाये ते. म्या दहा डाव सांगतलं यायले, टांग नोको टाकू म्हनून." आणि मग माझ्याकडे वळून, "अन साहेब, तुमी आता आत जासान तं बूट बुडवून जाजा. आमचा ट्रे आज खराब हाये. चांगला खराब हाये."

मी बूट बुडवले. पाणी चहासारखं गढूळ होतं. बरं वाटलं.

शेडाचा अहवाल आला, त्यात जंतू निघाला. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी दोन शेडांचे नमुने घेतले, त्यांतल्या एकातही निघाला. म्हणजे गुलाबराव निर्दोष नव्हते, पण एकटेही नव्हते. लाईन रोज धुतली जात होती, कॅन खोलीत आले होते, क्लोरीनचा जोर आठवड्यातून दोनदा तपासला जात होता. बायांचे डोळे पुन्हा झोंबायला लागले, म्हणून पंख्याचं तोंड फिरवलं आणि त्यांना चष्मे दिले. खानावळवाल्याचे तीन नमुने स्वच्छ आले. माल परत सुरू व्हायला पाच आठवडे लागले. शेठजींचा अंदाज एका आठवड्यानं चुकला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

वाचक मला पत्रातून हमखास विचारतील, म्हणून इथेच सांगतो. घरी चिकन नळाखाली धुवू नका. धुतल्यानं जंतू मरत नाहीत, उडालेल्या थेंबांसोबत ओट्यावर, कोथिंबिरीवर आणि कापलेल्या काकडीवर जातात. कच्च्या चिकनचा चाकू आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणानं धुवा, आणि हाडाजवळचं पाणी गुलाबी दिसेनासं होईपर्यंत शिजवा. सुनंदाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "न धुतलेलं चिकन मी रांधणार नाही. तुम्हीच रांधा." तेव्हापासून रविवारी मी रांधतो. हळद लावतो. चवीसाठी.

ओटीचं काम आता कमलाबाईकडे आहे. तिला काढायचं म्हणणाऱ्या शेठजींनीच तिला चष्मा, कार्ड आणि नोंदवही दिली. ती दर तासाला दोन नळ्या भरते, एक थेंबांची, एक कोरी. दोन्ही खिडकीच्या उजेडात धरते, आणि नंतर टाकीशी वाकून पाण्याचा वासही घेते. वासाचा रकाना वहीत नव्हता. तो तिनं पट्टीनं आखून घेतला. 'झोंबते' किंवा 'नाई झोंबत'. गेल्या महिन्यात बाहेरचे तपासनीस आले, ते त्या रकान्यापाशी थांबले. मी म्हटलं, आमचं सगळ्यांत जुनं उपकरण आहे.

दिवाळीच्या आधी गुलाबरावांची नवी गाडी आली. ही त्या प्रकरणानंतरची त्यांची तिसरी खेप. या वेळी ते स्वतः गाडीसोबत आले. शेडाचा अहवाल खिशात होता, स्वच्छ. तो माझ्या हातात न देता ते सरळ टाकीवर गेले.

"बाई, ते ओटी मले दाखव. या साहेबाचा मले भरोसा नाई."

कमलाबाईनं दोन्ही नळ्या त्यांच्यासमोर धरल्या. "हे पाहा भाऊ. हे भरली, हे कोरी. हे पिवयी अन हे पांढरी. दोन्ही पिवया आल्या तं गडबड."

गुलाबरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. समाधान झालं असावं. मग माझ्याकडे मान करून त्यांनी तिला विचारलं, "अन सगळं तूच करतं, तं साहेब काय करते मंग?"

कमलाबाई नळ्या स्टँडमध्ये ठेवत म्हणाली, "साहेब बाटलीचं सील फोडून देते."